बंबवाल्यांचा जलसा

मिलोश फॉर्मन या चेकोस्लोव्हाक दिग्दर्शकाच्या ‘द फायरमेन्स बॉल’ या १९६७ सालच्या विनोदी चित्रपटात राज्यकर्त्यांचा नामोल्लेखही नाही. तरीही प्रागच्या सत्ताधीशांना तो इतका झोंबला की, पुढे त्याच्यावर कायमची बंदी आली. वस्तुतः कथा केवढी! एका लहान गावच्या अग्निशामक दलाचा जलसा, त्यात ८६ वर्षांच्या माजी अध्यक्षांना अर्पण करावयाची मानाची कुऱ्हाड, पंचमंडळींनी हौसेने मांडलेली सौंदर्यस्पर्धा आणि मेजावर रचलेली सोडतीची बक्षिसे, जी पहारा असूनही एकामागून एक नाहीशी होत जातात.

या कथेचा उगमही तितकाच अकल्पित आहे. फॉर्मन, इव्हान पासर आणि यारोस्लाव पापौशेक हे तिघे व्हर्खलाबी या डोंगराळ भागातील गावी दुसरेच कथानक रचण्यासाठी मुक्काम करून होते. ते काही केल्या पुढे सरकेना, तेव्हा विरंगुळा म्हणून ते तिथल्या बंबवाल्यांच्या जलशाला गेले, आणि त्या रात्री जे पाहिले त्यापुढे हातातले काम त्यांना फिके वाटू लागले. भूमिकांसाठीही मुख्यतः त्याच गावची खरी माणसे घेतली गेली. म्हणूनच आपसांत कुजबुजणारे, टाय सावरीत मुलींकडे चोरून पाहणारे ते प्रौढ पंच नटांसारखे दिसतच नाहीत. एखाद्या स्थानिक समितीची बैठक आपण खिडकीतून पाहत आहोत असे वाटते.

ऐन जलशात एका म्हाताऱ्याच्या घराला आग लागते. बंब बर्फात रुततो, लोक फावड्यांनी बर्फ फेकतात, घर जळतच राहते. उघड्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला ते दृश्य बघवू नये म्हणून त्याची खुर्ची उलटी फिरवतात, आणि त्याला थंडी वाजते म्हणून तीच खुर्ची आगीच्या जवळ सरकवतात. दयाबुद्धी आणि निर्बुद्धपणा यांचा असा निर्मळ संगम मी अन्य कोणत्याही विनोदपटात पाहिलेला नाही. पुढे चोरांना माल परत ठेवता यावा म्हणून दिवे मालवतात; ते लागतात तेव्हा पत्नीने लांबवलेली मांसाची वडी परत ठेवू पाहणारा समितीचाच एक सभासद रंगेहाथ सापडतो, आणि लगेच दलाच्या इभ्रतीचा खल सुरू होतो. साऱ्या देशाचा कारभार याच तऱ्हेने चालला असेल, तर सरकार संतापणार नाही तर काय करील?

गंमत अशी की पहिला फटका भांडवलशाहीकडूनच बसला. या चित्रपटात पैसा घातलेल्या कार्लो पोंती या इटालियन निर्मात्याला तो मुळीच रुचला नाही. करारनाम्यात किमान ७५ मिनिटांची अट असताना लांबी ७३ च भरल्याच्या सबबीवर त्याने रक्कम परत मागितली, आणि सरकारी तिजोरीचे नुकसान केल्याच्या आरोपाखाली दिग्दर्शकावर तुरुंगात जाण्याची पाळी येऊ घातली. अखेर फ्रान्समधील क्लोद बेरी व फ्रान्स्वा त्रुफो हे चित्रपटकार मदतीस धावले आणि परदेशी हक्क विकले जाऊन तो मामला मिटला.

मायदेशी मात्र बंबवाले स्वतःच खवळले होते; आपला हेतू त्यांची टवाळी करण्याचा नसून हे सारे रूपक आहे, असे त्यांना समजावीत फॉर्मनला हिंडावे लागले. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले त्या वेळी तो पॅरिसमध्ये होता, आणि पुढील आयुष्य त्याने अमेरिकेत काढले. त्याच रणगाड्यांच्या छायेत, १९६९ च्या ऑस्कर समारंभात परभाषी चित्रपटांच्या यादीत चेकोस्लोव्हाकियाच्या नावापुढे हीच कृती झळकत होती.