बाहीवरचे चिन्ह, काठीवरचे निशाण

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराच्या कमांडोंच्या बाहीवर एक कापडी चिन्ह असे. गडद कापडावर लाल रंगात नांगर, गरुड आणि टॉमी गन. म्हणजे आरमार, विमानदळ आणि पायदळ एका तळहाताएवढ्या तुकड्यात. गणवेशातला शत्रू हाती लागला तर तो युद्धकैदी, हा जगाचा रिवाज. हिटलरने ऑक्टोबर १९४२ मध्ये गुप्त हुकूम काढून तोही मोडला. कमांडो गणवेशात असला तरी ठार करा!

आमच्या नांदेड-लातूरकडे समुद्र नाही. तरी या चिन्हांविषयी वाचताना मला आपलीच माणसे दिसू लागतात. निजामी राज्यात लढणाऱ्यांना ना गणवेश, ना बिल्ला. सरहद्दीवरच्या कॅम्पांतून यायचे, काम उरकून परतायचे. ३० जानेवारी १९४८ ला उमरीच्या बँकेवर धाड घातली ती अशाच बिनबिल्ल्याच्या तरुणांनी. त्यांचे चिन्ह एकच, तिरंगा. स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेवर ऑगस्ट १९४७ मध्ये तो फडकवणे हाच सत्याग्रह झाला, आणि त्याची किंमत तुरुंग. १५ ऑगस्टला खुद्द स्वामीजींनाच हैदराबादेत अटक झाली.

आता गंमत पाहा. ज्या कापडापायी कोठडी मिळे, ते आज याच मुलखात विणले जाते. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कापड, नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत ध्वजाची शिलाई. हुबळीच्या बेंगेरीचे नाव देशभर झाले, आपल्याकडच्यांना मात्र नांदेडचे सांगावे लागते! काम साधे नाही. प्रमाण ३:२, ठरलेली मापे नऊ. सर्वांत मोठा २१ बाय १४ फूट, लहान ६ बाय ४ इंच. २४ आऱ्यांचे चक्र दोन्ही बाजूंना नेमके पाठीला पाठ लागून यायला हवे. दोरीच्या पट्टीला वेगळे जाड कापड.

३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहिता बदलली. पॉलिएस्टरला आणि यंत्रावरच्या कापडाला परवानगी मिळाली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घरोघरी झेंडे लागले, ते मला आवडलेच. पण हातमागाने त्या दराशी कसे झुंजावे? निदान शाळा-कचेऱ्यांनी तरी खादीचाच घ्यावा, असे माझे मत आहे. घेताना कापड बोटांनी चाचपून पाहा, हातच्या सुताचा खरबरीतपणा लगेच कळतो.