लेगगार्ड, लेगशील्ड आणि हँडगार्ड : मोटारसायकलीवरील हातापायांच्या आडोशाचा मागोवा

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरी (मोठी) हे धानाच्या बांध्यांमधले गाव असून, झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वैनगंगेच्या खोऱ्यातील इतर गावांप्रमाणेच तेथील मोटारसायकलस्वाराला एकाच वर्षात तीन निराळ्या हवामानांतून वाट काढावी लागते. पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत चिखल आणि पाणी, कार्तिकापासून माघापर्यंत बोचरी थंडी आणि चैत्र-वैशाखात भाजून काढणारा वारा असा हा क्रम आहे. जवळच्या मोठ्या शहराचे, म्हणजे नागपूरचे आकडे पाहिले तर या टोकांचा अंदाज येतो : २३ मे २०१३ रोजी तेथे ४७.९ अंश सेल्सिअस, तर २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. ज्या प्रदेशात पारा चव्वेचाळीस अंशांच्या पट्ट्यात फिरतो, तेथे दुचाकीवर हातापायांना आडोसा असावा की नसावा आणि असल्यास कसा असावा, हा प्रश्न केवळ हिमालयात फिरायला जाणाऱ्या हौशी प्रवाशांचा राहत नाही. साकोली, लाखांदूर, वडसा किंवा थेट नागपूर गाठण्यासाठी शंभर सीसीची गाडी वापरणारा माणूसही व्यवहारात दूरचा प्रवासीच असतो. त्याच्या प्रवासाला ‘टूरिंग’ हे नाव मिळालेले नाही, इतकेच.

हात आणि पाय यांचा वेगळा विचार करण्यामागे शरीरशास्त्राचे कारण आहे. थंडी वाढली की शरीर छाती-पोटातील अवयव उबदार राखण्यासाठी बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे अंगात जाड स्वेटर असला तरी बोटे बधिर होतात. आणि क्लच, ब्रेक व अॅक्सिलरेटर हे सगळे तर बोटांवर आणि तळव्यांवरच चालते. वाऱ्यामुळे थंडी किती वाढते हे मोजण्याचा पाया अंटार्क्टिकात पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या अमेरिकी संशोधकांनी घातला. प्लास्टिकच्या नळकांड्यातील पाणी वाऱ्यात किती वेळात गोठते हे पाहून त्यांनी काढलेले निष्कर्ष १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिका आणि कॅनडाने २००१ मध्ये स्वीकारलेल्या सुधारित सूत्रानुसार हवेचे तापमान १० अंश असताना ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या त्वचेला सुमारे ५ अंशांची थंडी जाणवते. हे सूत्र चालणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यासाठी बेतलेले असल्याने हँडलवरच्या मुठीला ते तंतोतंत लागू पडत नाही, परंतु दिशा तीच राहते. त्याच वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते, म्हणून गारठलेल्या बोटांनी ब्रेक दाबायला अर्धा सेकंद अधिक घेतला तर सुमारे ८ मीटरचा फरक पडतो, आणि अंधाऱ्या रस्त्यावर रानडुक्कर आडवे येते तेव्हा ८ मीटर पुष्कळ असतात.

इतिहासात आधी आडोसा मिळाला तो पायांना. लेगशील्ड, म्हणजे पायांच्या समोर उभा असलेला पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा पडदा, हा चैनीतून नव्हे तर कपडे स्वच्छ ठेवण्याच्या गरजेतून आला. १९४६ मध्ये इटलीत पियाजिओने बाजारात आणलेल्या व्हेस्पाचा आराखडा करणारे कोर्रादिनो दास्कानिओ हे मुळात विमानशास्त्रातील अभियंते होते आणि मोटारसायकल त्यांना फारशी आवडत नसे. तेलाचे डाग, उडणारा चिखल आणि बसताना पाय वर उचलण्याची अडचण टाळण्यासाठी त्यांनी यंत्र आसनाखाली झाकले आणि समोर रुंद पत्रा उभा केला. ब्रिटनमध्ये १९४८ साली आलेल्या व्हेलोसेट एलई या पाण्याने थंड होणाऱ्या शांत गाडीला पाय ठेवण्याच्या फळ्या आणि लेगशील्ड दोन्ही होते. तेथील पोलिसांनी ती गस्तीसाठी वापरली आणि हँडल न सोडता केवळ मान हलवून सलाम करणाऱ्या शिपायांवरून तिला ‘नॉडी बाइक’ हे गमतीदार नाव पडले, असे सांगितले जाते. सर्वांत दूर पोचली ती मात्र जपानी कल्पना. होंडाच्या १९५८ च्या सुपर कबला प्लास्टिकचे हलके लेगशील्ड होते, आणि २०१७ मध्ये या मालिकेतील गाड्यांच्या उत्पादनाने दहा कोटींचा आकडा ओलांडला. म्हणजे जगात सर्वाधिक खपलेल्या मोटार-वाहनावर पायांचा आडोसा हा जोडसामानाचा नव्हे, तर मूळ रचनेचा भाग होता.

भारतातही आरंभ असाच झाला. मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने लॅम्ब्रेटा आणली, बजाज ऑटोने पियाजिओच्या परवान्याने व्हेस्पा आणि पुढे १९७२ पासून चेतक बनवली, तर बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातील कारखान्यातून प्रिया बाहेर पडू लागली. या गाड्यांवरचा समोरचा पत्रा पावसात गुडघ्यापर्यंत आडोसा देत असे आणि त्यामागे भाजीची पिशवी, गॅसची टाकी किंवा लहान मूलही मावत असे. हे पायांचे सुख एका पिढीने कौतुक न करता उपभोगले, आणि ते गेले तेव्हा त्याची खंतही फारशी कोणी केली नाही. १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आली, लिटरमागे ८० किलोमीटरची भाषा सुरू झाली, मोठ्या चाकांमुळे खडबडीत रस्ते सोपे वाटू लागले, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत स्कूटरचा खप मोटारसायकलीने मागे टाकला. धुऱ्यावरून आणि पांदणीतून जाणाऱ्या शेतकऱ्याचा हा निर्णय शहाणपणाचाच होता. मात्र त्या सौद्यात पायांवरचा पत्रा गेला. सुपर कबच्या धर्तीवर लेगशील्डसह आलेली हिरो होंडा स्ट्रीट टिकली नाही, कारण एव्हाना मोटारसायकलीचे उघडे इंजिन हेच तिच्या मर्दानी रूपाचे लक्षण मानले जाऊ लागले होते.

या काळात ‘लेगगार्ड’ हा शब्द मात्र घरोघरी पोचला, आणि त्यातच या विषयाची मोठी गफलत आहे. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना बसवलेली लोखंडी नळीची कमान गाडी आडवी पडली तर नडगी आणि इंजिन वाचवते. पाऊस, चिखल किंवा वारा ती अडवत नाही. नाव पायाच्या रक्षणाचे असल्याने पायाची सोय झाली अशी समजूत मात्र रुजली. कायद्याची दृष्टीही काहीशी अशीच राहिली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी धरण्याची मूठ, पायटेक आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण सक्तीचे आहे, ज्याला बोलीत साडीगार्ड म्हणतात. चालकाच्या पावलांवर मात्र नियमाने कधी छत्र धरले नाही. उत्तर भारतात हिवाळ्यात लेगगार्डावर रेक्झिनचा पडदा ताणून बांधण्याची जी रीत आहे ती या दृष्टीने लक्षणीय ठरते, कारण अपघाताच्या कमानीला ऋतूचा पडदा जोडून लोकांनी लेगशील्ड आपल्या हातांनी परत आणले.

झाडीपट्टीत असा पडदा उपयोगी पडावा याला एक सांस्कृतिक कारण आहे. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू होतात आणि तेथून होळीच्या सुमारापर्यंत वडसा येथील नाटक कंपन्या गावोगावी रात्रभर चालणारे प्रयोग करतात. धान कापून झालेला असतो, हाती थोडा पैसा असतो, पाहुणे घरी आलेले असतात, आणि नाटक सुरू होण्याची वेळ हीच थंडी वाढण्याची वेळ असते. प्रेक्षक एका गावाहून दुसऱ्या गावी रात्री जातो आणि पहाटे, म्हणजे दिवसातील सर्वांत गार वेळी, ओल्या बांध्या आणि मामा (मालगुजारी) तलाव यांच्या काठाने परततो; पाण्याजवळच्या सखल भागात थंड हवा साचते, हे त्याला वेधशाळेने सांगावे लागत नाही. शर्टाच्या आत वर्तमानपत्र, कानाला दुपट्टा आणि हातात लोकरी मोजे हा या प्रवासाचा जुना सरंजाम. लोकरी मोज्यांतून वारा आरपार जातो हा त्यातला कच्चा दुवा. वारा मोज्याच्या आधीच अडवणे, हे हँडलवरच्या आडोशाचे सारे तत्त्व आहे.

पायांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. पावसात पावले भिजतात ती आभाळातल्या पाण्याने कमी आणि गाडीच्या स्वतःच्या पुढच्या चाकाने उडवलेल्या पाण्याने अधिक. मद्रासमध्ये १९५५ पासून तयार होऊ लागलेल्या बुलेटचे मडगार्ड चाकाला दोन्ही बाजूंनी खोल कवेत घेत असे. पुढे वजन आणि देखणेपणा यांच्या नादात ते आखूड व उथळ होत गेले. साहसी प्रवासाच्या गाड्यांनी तर चिखल अडकू नये म्हणून चाकापासून उंच, चोचीसारखे मडगार्ड आणले, जे खडकाळ पायवाटेवर योग्य आणि डांबरी रस्त्यावरच्या पावसात निरुपयोगी असते. २०१६ च्या रॉयल एनफील्ड हिमालयनवर वरची चोच आणि चाकालगतचे मडगार्ड असे दोन्ही होते, हे या दृष्टीने समंजसपणाचे होते. बीएमडब्ल्यूच्या आडव्या सिलिंडरांच्या गाड्यांना तर १९२३ पासून हा आडोसा आयताच मिळाला. पावलांच्या पुढे आडवे आलेले सिलिंडर पाणी अडवतात आणि वर ऊबही देतात. दिघोरीसारख्या गावात मडगार्डच्या टोकाला जाड रबराची झडप, म्हणजे मडफ्लॅप, जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबवून लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि किमतीच्या मानाने सर्वांत गुणकारीही.

हातांचा आडोसा उशिरा आला आणि वेगळ्या वाटेने आला. अमेरिकेत क्रेग व्हेटर यांच्या विंडजॅमरसारख्या फेअरिंगांनी, म्हणजे हँडलसमोरच्या रुंद कवचांनी, सत्तरच्या दशकात लांबच्या प्रवाशांचे हात वाऱ्याआड घेतले, आणि १९८० मध्ये होंडाने गोल्ड विंग इंटरस्टेट कारखान्यातूनच अशा कवचासह दिली. हँडगार्ड मात्र जंगलातील शर्यतींतून आला. मुठीसमोर बसणारे हे छोटे कवच फांद्यांपासून बोटे आणि पडल्यावर लिव्हर वाचवण्यासाठी होते, आणि ऑस्ट्रेलियातील प्रसिद्ध ‘बार्कबस्टर्स’ या नावातच झाडाची साल आहे. वारा अडणे हा त्याचा आनुषंगिक लाभ. भारतात २०१९ ची हिरो एक्सपल्स २०० आणि २०२० ची केटीएम ३९० अॅडव्हेंचर यांच्यासोबत तो कारखान्यातून येऊ लागला. पण या मागोव्यातील खरी उलथापालथ वेगळीच आहे : अलीकडच्या वर्षांत बजाजने प्लॅटिनासारख्या साध्या, स्वस्त, शेतकरी आणि दूधवाल्याच्या गाडीवरही हँडगार्ड दिला. शर्यतीच्या वस्तूला अखेर बाजाराच्या गाडीवर जागा मिळाली, आणि ज्याला तिची रोज गरज होती त्याच्यापर्यंत ती पोचली.

बाहेरून असा आडोसा बसवताना काही बारकावे सांभाळावे लागतात. हँडगार्ड बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का, क्लचची आणि ब्रेकची वायर ताणली जात नाही ना, हे गाडी उभी असतानाच पाहावे लागते. दोन्ही टोकांना अॅल्युमिनियमची पट्टी जोडलेला बंद हँडगार्ड पडल्यावरही लिव्हर वाचवतो, पण तो लावण्यासाठी हँडलच्या टोकाची वजने काढली तर मुठीत कंपने वाढू शकतात. कापडी हँडल कव्हर, ज्यात मूठ हातासकट झाकली जाते, अधिक ऊब देते. मात्र ते मऊ असेल तर वाऱ्याच्या दाबाने लिव्हरवर टेकते आणि मागचा ब्रेकलाइट विनाकारण पेटता राहतो, किंवा संकटात हात पटकन बाहेर निघत नाही. गरम होणाऱ्या मुठी साधारण ३० ते ४० वॅट वीज खातात, जी लहान गाडीच्या विद्युतव्यवस्थेला जड जाऊ शकते. पायांसमोर पडदा बांधताना गिअर आणि ब्रेकच्या पायपट्ट्यांना जागा मोकळी ठेवणे आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा वारा न अडवणे, या दोन अटी एकमेकींशी भांडतात, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात दुसरी अट पहिलीवर मात करते.

म्हणूनच या भागात कायमचे लेगशील्ड परत येण्याचा आग्रह धरण्यात फारसा अर्थ नाही. चार बोल्टांनी चढवता-उतरवता येणारा पडदा अधिक सोयीचा. होळीच्या सुमारास नाटकांचा हंगाम सरतो तेव्हा हँडल कव्हर आणि रेक्झिन दोन्ही उतरवून ठेवावी लागतात, कारण त्यानंतर तोच वारा चटके देऊ लागतो. हँडगार्ड मात्र त्या उन्हातही मुठीवर थोडी सावली धरून जागच्या जागी राहतो, आणि मडफ्लॅप पुढच्या रोवणीपर्यंत धुळीतच लोंबत असतो.