पिट्टी राजवाडा: चित्रं फ्लोरेन्समध्येच का राहिली?

फ्लोरेन्समध्ये आर्नो नदीचा जुना पूल ओलांडला की थोड्याच अंतरावर आपण पिट्टी राजवाड्यासमोर येतो. नाव लुका पिट्टी या पेढीवाल्याचं, पण १५४९ साली ही वास्तू घेतली मेदिची घराण्याची सून एलेओनोरा हिनं. मागच्या टेकडीवरची बोबोली बागही तिच्याच काळात आखायला घेतली.

आत पॅलेटाइन दालनात गेल्यावर आपण जरा गोंधळतो. चित्रं वरपासून खालपर्यंत दाटीवाटीनं लावलेली, काळाचा क्रम नाही. राफाएल, तिशियन, सगळे एकत्र! कारण सरळ आहे. ही राजघराण्याची दालनं. चित्रं इथं सजावट म्हणून लागली, आणि ती मांडणी आजही जपली आहे.

आता मुद्द्याचं बघू. १७३७ मध्ये शेवटचा मेदिची ड्यूक निपुत्रिक वारला आणि सत्ता लोरेन घराण्याकडे गेली. नव्या धन्यानं हा संग्रह विकला असता किंवा हलवला असता तर? ड्यूकची बहीण आना मारिया लुइझा हिनं त्याच वर्षी करार केला: संग्रह तुम्हाला देते, पण यातलं काहीही फ्लोरेन्सबाहेर जाणार नाही. कारणंही नोंदवली. राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परदेशी लोकांचं कुतूहल.

पुढे नेपोलियनच्या काळात काही चित्रं पॅरिसला नेली गेली. त्यांतलं राफाएलचं ‘खुर्चीतली मॅडोना’ परत आलं. आज आपण ते इथंच पाहतो. म्हणजे बघा, आपल्यासारख्या परक्या पाहुण्याची सोय त्या करारातच झाली होती.