मोठा मॅनेजर गेल्यावर क्लब काय करतो?

आपण फुटबॉल नियमित पाहत नसाल, तर आधी थोडी ओळख. इंग्लंडमधल्या क्लबचा ‘मॅनेजर’ संघ निवडतो, सराव घेतो, डावपेच ठरवतो. जुन्या पद्धतीत कोणता खेळाडू विकत घ्यायचा हेही तोच ठरवी. असा माणूस वर्षानुवर्षांनी जातो तेव्हा क्लब त्याच्यासारखाच दुसरा शोधायला निघतो, आणि माझ्या मते घोळ तिथेच सुरू होतो. भरून काढायची असते ती त्याने अंगावर घेतलेल्या कामांची जागा.

सुरुवात जाणं जाहीर होण्याच्या तारखेपासून, कारण शोधायला किती वेळ मिळतो ते तिथेच ठरतं. मँचेस्टर युनायटेडचे अ‍ॅलेक्स फर्ग्युसन १९८६ पासून त्या खुर्चीत होते. त्यांनी ८ मे २०१३ ला निवृत्ती जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्हिड मॉयेस यांची नेमणूक झाली. लिव्हरपूलच्या युर्गन क्लॉप यांनी २६ जानेवारी २०२४ ला, हंगाम संपायला चारेक महिने असताना, आपण जाणार असल्याचं जाहीर केलं. क्लबला तर त्याआधीच कळवलं होतं.

मग कामांची यादी करायची. ही पायरी बहुतेक जण गाळतात. युनायटेडमध्ये २०१३ च्या त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल हेही पायउतार झाले. म्हणजे खरेदीचे व्यवहार जमवणारे दोघे एकदम गेले. परिणाम ‘ट्रान्स्फर विंडो’त, म्हणजे खेळाडूंची खरेदी-विक्री करण्याच्या ठरावीक मुदतीत, दिसला. मोठी खरेदी एकच, मारुआन फेलाइनी, तीही शेवटच्या दिवशी, २ कोटी ७५ लाख पौंडांना. त्याच्या जुन्या करारातल्या कलमानुसार जुलैअखेरपर्यंत तोच सुमारे ४० लाखांनी स्वस्त मिळत होता!

लिव्हरपूलने उलट क्रम धरला. आधी मायकेल एडवर्ड्स यांना मालक कंपनीत परत आणलं आणि रिचर्ड ह्यूज यांना ‘स्पोर्टिंग डायरेक्टर’ नेमलं. हा अधिकारी खेळाडूंची खरेदी आणि करार सांभाळतो. मॅनेजर त्यानंतर निवडला.

आता उमेदवार. लोकांच्या तोंडी असलेलं नाव पहिलं येतं. लिव्हरपूलबाबत ते त्यांचाच माजी खेळाडू शाबी अलोन्सो याचं होतं, पण मार्चअखेर त्याने, तो प्रशिक्षक असलेल्या लेव्हरकुझेन क्लबमध्येच राहायचं ठरवलं. निवड झाली ती फेयेनूर्डला २०२३ मध्ये डच लीग जिंकून देणाऱ्या आर्ने स्लॉट यांची. आपण निवड समितीत असाल तर उमेदवाराचा संघ कसा खेळतो ते बघा, आणि हाती असलेल्या खेळाडूंना तो खेळ झेपेल का तेही. युनायटेडमध्ये मात्र मॉयेस ही फर्ग्युसन यांची स्वतःची पसंती होती. एव्हर्टन क्लबमध्ये अकरा वर्षं त्यांनी नेटाने काम केलं होतं, पण मोठा करंडक एकही नव्हता.

उमेदवार दुसऱ्या क्लबशी करारबद्ध असेल तर भरपाई द्यावी लागते. स्लॉट यांच्यासाठी ती दिली गेली.

पुढे सहायकांचा प्रश्न. मॉयेस यांनी आपली माणसं आणली आणि माइक फेलन, रेने मोइलेनस्टेन हे जाणते प्रशिक्षक गेले. एवढ्यावरून दोष देणं बरं नव्हे, कारण क्लॉप यांचे मुख्य सहायकही गेलेच. फरक असा, की लिव्हरपूलमध्ये खरेदी आणि आकडेवारीचं काम मॅनेजरवर टांगलेलं नव्हतं. स्लॉट यांच्या पहिल्या उन्हाळ्यात लगेच खेळवता येईल असा एकच खेळाडू घेतला गेला, फेदेरिको किएझा, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी लीग जिंकली. मॉयेस यांचा करार सहा वर्षांचा होता. गतविजेता संघ सातव्या क्रमांकावर घसरला असताना, एप्रिल २०१४ मध्ये त्यांना काढलं.

राहिला जुन्या मॅनेजरचा प्रश्न, तसा नाजूकच. युनायटेडमध्येच १९६९ साली मॅट बझ्बी यांच्या जागी विल्फ मॅकगिनेस आले, पण बझ्बी जनरल मॅनेजर म्हणून क्लबातच राहिले. डिसेंबर १९७० मध्ये मॅकगिनेस यांना हटवून संघ पुन्हा बझ्बींकडे दिला गेला. क्लॉप यांनी जानेवारी २०२५ पासून रेड बुल समूहात वेगळीच जबाबदारी घेतली. लिव्हरपूलची एखादी लढत हातची गेली, तर उत्तर द्यायला स्लॉट एकटेच होते.