क्रीडानैपुण्य व उच्च शिक्षणातील प्रवेश

मुलगा मैदानावर चमकू लागला की पालकांच्या मनात प्रश्न उभा राहतो : या खेळाचा पुढील प्रवेशास काही उपयोग होईल काय?

आपल्या राज्यात दहावी-बारावीच्या परीक्षांत पात्र खेळाडूंस क्रीडागुण मिळतात. तथापि पुढे वैद्यकीचा प्रवेश नीटच्या व अभियांत्रिकीचा सीईटीच्या गुणांवर ठरतो. तेथील क्रम क्रीडागुणांनी वर चढत नाही.

मात्र मद्रासच्या आय.आय.टी.ने सन २०२४ पासून निराळे द्वार उघडले. तेथे प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन अधिक जागा ठेविल्या असून त्यांपैकी एक केवळ मुलींची आहे. मागील चार वर्षांत राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील निदान एक पदक हवे. पण तेवढ्याने भागत नाही. जेईई अॅडव्हान्स्डच्या गुणानुक्रम यादीतही नाव लागले पाहिजे. ते लागल्यावर मात्र जागा खेळातील कामगिरीच्या क्रमाने दिल्या जातात. म्हणजे यादीत मागे असलेला विद्यार्थीही पदकांच्या बळावर पुढे येऊ शकतो. ही योजना मला न्याय्य वाटते. हुशार मुलाने दहावीनंतर मैदान सोडावे, या समजुतीस तिने चांगलाच धक्का दिला आहे.

दवनीवाड्यातील कबड्डीप्रेमी मुलांनी मान्य खेळांची यादी आधी पाहावी, कारण सर्वच खेळ तीत नसतात. तालुका, जिल्हा, विभाग व राज्य या पायऱ्या ओलांडल्यावरच राष्ट्रीय पदकाची गोष्ट येते. पालकांनी प्रत्येक पायरीची मूळ प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. कपाटातील चषक अर्जासोबत जोडता येत नाही.