बागेची पाटी खेळाच्या नकाशावर कशी जाते?

व्याख्यान सुरू होण्याआधी पुढच्या रांगेतल्या एका आजींनी मला विचारलं, "बागेच्या पाटीवर बोलण्यासारखं असतं तरी काय?" प्रश्न रास्त आहे. मुलुंड पूर्वेच्या चिंतामणराव देशमुख उद्यानापासून सुरुवात करू. तिथे रोज चालायला जाणाऱ्या किती जणांना हे देशमुख कोण ते ठाऊक असेल? पाटीवर फक्त नाव असतं. आता समजा, ही पाटी तुम्हाला पोकेमॉन गो या खेळाच्या नकाशावर आणायची आहे. मग पाटीखाली चार ओळी लिहाव्या लागतात, आणि त्या लिहिणार तुम्हीच.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोबाइलवर आपल्याच गल्ल्यांचा नकाशा दिसतो आणि त्यावर खऱ्या जागांचे ठिपके असतात. इन्ग्रेसमध्ये त्यांना पोर्टल म्हणतात, पोकेमॉन गोमध्ये पोकेस्टॉप किंवा जिम. ठिपक्यापर्यंत पायी जावं लागतं. इन्ग्रेस आला २०१२ मध्ये. पुतळे, देवळं, जुन्या इमारती यांचे फोटो खेळाडूंनीच पाठवले. जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो आला तो हेच ठिपके घेऊन. भारतात अधिकृतपणे त्याच वर्षीच्या डिसेंबरात.

म्हणजे काय झालं बघा. जिथे आधीचे खेळाडू होते तिथे ठिपके दाट, बाकी नकाशा रिकामा. २०१६ मध्येच अमेरिकेतल्या अर्बन इन्स्टिट्यूटने वॉशिंग्टन शहरात मोजणी केली. गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या वस्त्यांत सरासरी ५५ ठिपके, कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत १९. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. तिथून कुणी फोटोच पाठवले नव्हते, इतकंच.

आता पाठवायचं कसं? २०१९ पासून त्यासाठी वेफेरर नावाची व्यवस्था आहे. वस्तूचा एक फोटो, आजूबाजूच्या परिसराचा एक, शीर्षक, वर्णन, नकाशावरची नेमकी जागा आणि तपासणाऱ्यांसाठी चार शब्द. तपासणारेही खेळाडूच, छोटी परीक्षा देऊन आलेले. ते मुख्यतः पाहतात की ही जागा शोधत जाण्यासारखी आहे का, इथे व्यायाम होतो का, माणसं भेटतात का. शिवाय वस्तू कायमची हवी आणि तिथे पायी सुरक्षित पोहोचता आलं पाहिजे. शाळेचं आवार आणि कुणाचं खासगी घर चालत नाही.

मग पाटीच का? बाग पसरलेली असते, ठिपका ठेवायचा कुठे? पाटी एका जागी असते आणि तिच्यावरून नावाची खात्री पटते. पण लक्षात घ्या, महत्त्व बागेला आहे, पाटी तिची प्रतिनिधी. म्हणून "फुले तोडू नयेत" किंवा "उद्यानाची वेळ" असल्या पाट्या पाठवू नका. आणि जिथे वस्तूच डोळ्यांत भरते तिथे पाटीची गरजच नाही. अंधेरीचा गिल्बर्ट हिल घ्या. ६१ मीटर उंच काळ्या बेसॉल्टचा सुळका, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. तिथे जाऊन कुणी फलकाचा फोटो काढला तर काय म्हणावं! (हशा)

उपनगरातली खरी अडचण फ्लेक्सची. माझं पहिलंच नामांकन फेटाळलं गेलं. एका बागेच्या कमानीचा फोटो होता, आणि कमानीवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स. बागेचं नाव बारीक, फोटोतले चेहरे मोठे. तपासणाऱ्याला ती जाहिरात वाटली, त्याचं काय चुकलं? शिवाय ओळखू येतील असे चेहरे फोटोत नकोतच. पंधरा दिवसांनी फ्लेक्स उतरल्यावर सकाळी सातला जाऊन पुन्हा फोटो काढला.

दुसरी गोष्ट जागेची. दोन फाटकांवर एकच नाव असेल तर दुसरी पाटी म्हणजे पुनरुक्ती. आतला पुतळा, खुली व्यायामशाळा, मुलांची खेळणी मात्र वेगळी पाठवता येतात. तरी पोकेमॉन गो नकाशाचे साधारण सत्तर मीटरचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनात एकच ठिपका दाखवतं. आपल्या बागा केवढ्याशा! पाच गोष्टी मंजूर झाल्या तरी खेळात एखादीच दिसायची. सोसायटीच्या आवारातली सामायिक बाग नियमात बसू शकते. मी मात्र पाठवत नाही. बाहेरच्या पोराला वॉचमन आत सोडणार नाही, आणि भांडण वॉचमनच्या गळ्यात.

ठिपका शक्यतो फाटकावरच्या पाटीशी ठेवा. पोकेमॉन गोमध्ये ऐंशी मीटरवरून ठिपका वापरता येतो, त्यामुळे बाग बंद झाल्यावरही फुटपाथवरून काम होतं. कुणी कुंपणावर चढत नाही.

राहिलं वर्णन. "छान बाग आहे" लिहून लोक मोकळे होतात. मुलुंडच्या पाटीखाली मी असं लिहीन: "चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. केंद्रात अर्थमंत्री असताना मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये राजीनामा दिला." घाटकोपरच्या पंतनगरात आचार्य अत्रे मैदान आहे. तिथे: "प्र. के. अत्रे, लेखक आणि संपादक. १९५६ मध्ये 'मराठा' दैनिक काढून संयुक्त महाराष्ट्रासाठी लढले." एकच साल, एकच लढा. एकाने दिल्लीत खुर्ची सोडली, दुसऱ्याने मुंबईत लेखणी चालवली. पोकेमॉन पकडायला आलेला बारा वर्षांचा मुलगा या दोन ओळी वाचेल की नाही, माहीत नाही. मी नातवाला दोन्हीकडे नेलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "आजोबा, राजीनामा दिल्यावर पुढे काय झालं?" त्या दिवशी घरी यायला उशीर झाला.

आता प्रश्न घेऊ. आजी, तुमच्यापासून सुरुवात करूया.