मार्जारन्याय आणि मांजर : भारतीय परंपरेतील प्रतीक व घरगुती संगोपन

प्रस्तावना :

भारतीय समाजमनात गाय, नाग, गरुड, मूषक या प्राण्यांचे स्थान बरेचसे निश्चित आहे. मांजराचे तसे नाही. एकाच घरात मांजर आडवे गेले म्हणून बाहेर निघालेला माणूस दोन पावले मागे फिरतो आणि त्याच घरात मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, असेही मुलांना सांगितले जाते. ते अशुभ आहे, अवध्य आहे, दांभिक आहे आणि ईश्वरी वात्सल्याची उपमाही आहे. या परस्परविरोधी अर्थांचा उगम कोठे आहे, आणि त्या अर्थांचा घरातील प्रत्यक्ष मांजराच्या पालनपोषणावर काय परिणाम होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. प्रतीक आणि प्राणी यांचा विचार सहसा वेगवेगळा केला जातो. मांजराच्या बाबतीत तो एकत्र करणे आवश्यक आहे, कारण त्याच्या संगोपनातील अनेक चुका प्रतीकातूनच आलेल्या आहेत.

षष्ठीचे वाहन :

बालकांचे रक्षण करणारी देवता म्हणून षष्ठीची पूजा भारताच्या मोठ्या भागात होते. महाराष्ट्रात मुलाच्या जन्मानंतर ललाटलेख लिहिणारी सटवाई हे याच नावाचे लोकरूप मानले जाते. बंगालमध्ये षष्ठीचे वाहन मांजर आहे. तेथील व्रतकथेत घरातील एक सून चोरून खाते आणि आळ मांजरावर घालते. अपमानित मांजर तिची मुले एकामागून एक उचलून देवीकडे नेते. सून चूक कबूल करून मांजराची क्षमा मागते तेव्हा मुले परत मिळतात. मांजराची अनेक पिल्ले आणि त्यांना जपण्याची तिची रीत पाहणाऱ्या स्त्रियांनीच ही सांगड घातली असावी. कथेचा रोख मात्र केवळ अपत्यप्राप्तीकडे नाही. मुक्या प्राण्यावर खोटा आळ घेणे हा त्यातील अपराध आहे, आणि ही बाब विशेष लक्षणीय आहे.

भारताबाहेरही अशी उदाहरणे आहेत. प्राचीन इजिप्तमधील बुबास्तिस येथे बास्तेत या मार्जारमुखी देवीचे मोठे क्षेत्र होते. इस्लामी परंपरेत मांजराने तोंड लावलेले पाणी अपवित्र मानले जात नाही.

बैडालव्रत :

संस्कृत वाङ्मयातील मांजर बहुधा ढोंगी तपस्वी असते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात धर्माचे प्रदर्शन मांडणाऱ्या लोभी माणसाला बैडालव्रतिक म्हटले आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधन उलूकाकरवी युधिष्ठिराला जो निरोप पाठवतो, त्यात गंगातीरी हात वर करून तप करणाऱ्या आणि विश्वासाने जवळ आलेल्या उंदरांना खाणाऱ्या मांजराची कथा आहे. तमिळनाडूतील मामल्लपुरम येथे सातव्या शतकातील पल्लवकालीन भव्य शिल्पपटात उभे राहून तप करणारे मांजर आणि त्याच्या भोवतीचे उंदीर कोरलेले आहेत. हितोपदेशातील दीर्घकर्ण नावाचा बोका आंधळ्या गिधाडाचा विश्वास याच मार्गाने संपादन करतो. मराठीत ‘मांजर डोळे मिटून दूध पिते’ ही म्हण त्याच परंपरेतील आहे.

महाभारताने दुसरी बाजूही सांगितली आहे, पण ती फारशी प्रचारात नाही. शांतिपर्वात लोमश नावाचे मांजर जाळ्यात अडकते आणि पलित नावाचा उंदीर मुंगूस व घुबड यांच्या भीतीने त्याच्याशी तह करतो. येथे मांजर ढोंगी नसून संकटात सापडलेला, शब्द पाळणारा एक पक्ष आहे. काम झाल्यावर मैत्री पुढे चालू ठेवण्यास नकार देतो तो उंदीर.

डोळे मिटण्याचा खरा अर्थ तर म्हणीच्या नेमका उलट आहे. शत्रूसमोर मांजर डोळे टक्क उघडे ठेवते. ज्याच्याजवळ त्याला निर्धास्त वाटते त्याच्याकडे पाहून ते सावकाश पापण्या मिटते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश संशोधकांच्या प्रयोगांत असे आढळले, की माणसाने मांजराकडे पाहून डोळे हळूहळू मिचकावले असता मांजरही तसाच प्रतिसाद देते आणि अनोळखी व्यक्तीजवळही अधिक सहजपणे येते. ज्या खुणेला शास्त्रकारांनी दंभ म्हटले, ती विश्वासाची खूण आहे.

मार्जारकिशोरन्याय :

मांजराच्या प्रतीकाचा सर्वांत खोल विचार दक्षिणेतील श्रीवैष्णव संप्रदायात झाला. रामानुजाचार्यांनंतरच्या काळात एक प्रश्न पुढे आला : ईश्वराला शरण जाणाऱ्या जिवाने स्वतः काही करावयाचे असते काय? वेदान्तदेशिकांना मानणाऱ्या वडकलै परंपरेने वानराच्या पिल्लाचा दृष्टान्त स्वीकारला. वानरी झाडावरून झाडावर उडी घेते तेव्हा पिल्लू तिच्या पोटाला स्वतः बिलगून राहते. हात सुटला तर ते पडेल. कृपा ईश्वराचीच, पण तिला निमित्त म्हणून जिवाची थोडी तरी कृती हवी. पिळ्ळै लोकाचार्य आणि पुढे मणवाळ मामुनी यांना मानणाऱ्या तेंगलै परंपरेने मांजराच्या पिल्लाचा दृष्टान्त घेतला. मांजरी पिल्लाला मानेशी तोंडात धरते आणि नेईल तेथे नेते. पिल्लाने धरून ठेवावयाचे काहीच नसते. पहिल्या दृष्टान्तास मर्कटन्याय आणि दुसऱ्यास मार्जारन्याय म्हणतात. एकोणिसाव्या शतकात रामकृष्ण परमहंसांनीही हीच उपमा आपल्या संभाषणात वारंवार वापरली आणि ती बंगालीतून देशभर पोहोचली. मराठी संतांनी मायेसाठी कासवी, पक्षिणी, गाय-वासरू यांना अधिक जवळ केले असले, तरी प्रवचनांतून मार्जारन्याय महाराष्ट्रातही परिचित आहे.

या दृष्टान्तामागचे निरीक्षण किती अचूक आहे हे शरीरशास्त्राने दाखवून दिले आहे. मांजरीने मानेची सैल कातडी दातांत धरताच लहान पिल्लाचे शरीर शिथिल होते, मागचे पाय पोटाशी दुमडतात, शेपटी आत वळते आणि ते निमूट होते. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. पिल्लू धडपडले असते तर आईला ते नेता आले नसते. म्हणजे पिल्लू अगदीच काही करत नाही असे नाही; ते विरोध करत नाही. तेंगलै आचार्यांनी शरणागतीचा अर्थही हाच लावला होता, की जिवाने आड येऊ नये, एवढेच पुरे. तत्त्वज्ञानातील दृष्टान्त सहसा ढोबळ असतात. हा दृष्टान्त मात्र कोणीतरी माजघराच्या कोपऱ्यात बसून नीट पाहिलेला आहे.

मानेची पकड :

याच दृष्टान्ताचा व्यवहारात गैरवापर होतो. आई धरते म्हणून माणूसही मोठ्या मांजराला मानेच्या कातडीला धरून उचलतो, आणि ते निपचित लोंबकळू लागले की त्याला त्रास होत नाही असे समजतो. वरील प्रतिक्षिप्त क्रिया वाढत्या वयाबरोबर क्षीण होते. तीन ते पाच किलो वजनाचा भार मानेच्या कातडीवर आला की वेदना होतात, आणि मांजराचे निश्चल होणे बहुधा भीतीमुळे असते. 2022 मध्ये मार्जारवैद्यकाच्या अमेरिकन व आंतरराष्ट्रीय संघटनांनी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही ही पकड टाळावी असेच म्हटले आहे. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली देऊन, शरीराशी टेकवून उचलणे ही योग्य पद्धत होय.

‘मांजर पिल्लांना सात घरे फिरवते’ असे म्हटले जाते. सात या आकड्यात काही नाही, पण स्थलांतर खरे आहे. जागेवर वर्दळ वाढली, दुर्गंधी येऊ लागली किंवा पिल्लांना वारंवार हाताळले गेले की मांजरी जागा बदलते. अंधारी, उबदार, उंच काठाची पेटी दिली आणि पहिले दोन आठवडे कुतूहल आवरले, तर तिला घरे शोधावी लागत नाहीत. पिल्लांचे डोळे साधारण सात ते चौदा दिवसांत उघडतात. दोन ते सात आठवडे हा माणसाची ओळख होण्याचा काळ. या काळात हळुवारपणे हाताळलेली पिल्ले माणसाळतात. आठ आठवड्यांपूर्वी मात्र त्यांना आईपासून तोडू नये.

आहार :

कृष्णकथांपासून म्हणींपर्यंत मांजर आणि दूध यांची जोडी इतकी पक्की आहे, की घरोघरी मनीला दूध-भात किंवा दूध-पोळी घातली जाते. प्रत्यक्षात दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांची दुधातील साखर पचवण्याची शक्ती कमी होते आणि अनेकांना त्याने जुलाब होतात. याहून गंभीर प्रश्न शाकाहाराचा आहे. मांजर हा अपरिहार्यपणे मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हा घटक त्याचे शरीर पुरेसा तयार करू शकत नाही आणि धान्य-भाज्यांतून तो मिळत नाही. त्याच्या अभावी दृष्टिपटल नष्ट होते, हे 1975 मध्ये, आणि हृदयाचे स्नायू दुर्बल होतात, हे 1987 मध्ये सिद्ध झाले. गाजरातील द्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवणेही मांजराला साधत नाही. अहिंसेच्या भावनेने ज्या घरात मांस येत नाही, त्या घराने मांजर पाळताना हा विचार आधी केलेला बरा. संपूर्ण आहार म्हणून तयार केलेले कॅट फूड देणे हा त्यातल्या त्यात सुकर मार्ग आहे. मांजराला दूध-भातावर ठेवून त्याने बाहेर उंदीर-पक्षी मारावेत अशी अपेक्षा करणे ही अहिंसा नव्हे, ती केवळ दृष्टीआड केलेली हिंसा आहे.

कोकणात मासळीवर वाढणारी मांजरे पुष्कळ आहेत. पण नुसती मासळी, विशेषतः कच्ची, हाही पूर्ण आहार नाही. कांदा आणि लसूण यांनी मांजराच्या रक्तपेशी फुटतात, त्यामुळे ताटातील मसालेदार उरलेसुरले घालू नये. पॅरासिटामॉलची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांवरील परमेथ्रिनयुक्त औषध आणि फुलदाणीतील लिलीही त्याला घातक ठरतात; लिलीचे परागकण अंगावरून चाटले गेले तरी मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

शुचिता, पाणी आणि आजार :

मांजर स्वतःची विष्ठा मातीने झाकते, म्हणून ते शुचिर्भूत मानले गेले. ही सवय टिकायची तर वाळूचा ट्रे रोज साफ व्हावा लागतो आणि तो अन्नापासून दूर असावा लागतो. मांजर ट्रेबाहेर घाण करू लागले तर ते खोडसाळपणा करत आहे असे न समजता ट्रे किंवा प्रकृती यांत बिघाड शोधावा. बोका वारंवार जोर करूनही लघवी करू शकत नसेल तर मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो; अशा वेळी एक दिवसही थांबणे जिवावर बेतते. मांजर दोन दिवस अन्नाला शिवले नाही, तर यकृतावर परिणाम होण्याची भीती असते. घुरघुरणे हे नेहमी समाधानाचे लक्षण नसते. वेदनेतही मांजर घुरघुरते. देवळातील एखादे घुरघुरणारे मांजर जप करते आहे असे कौतुकाने म्हटले जाते, तेव्हा त्याच्या चालीकडे आणि खाण्याकडेही एकदा पाहावे.

साधारण आठ आठवड्यांपासून संसर्गजन्य रोगांच्या आणि तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजच्या लशी सुरू होतात. मांजर चावले वा ओरखडले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. रेबीज फक्त कुत्र्यांमुळे होतो हा समज चुकीचा आहे.

गरोदर स्त्री आणि मांजर :

षष्ठीचे वाहन असलेल्या या प्राण्याला घरात मूल येणार असे कळताच बाहेर काढले जाते, हा मोठाच विरोधाभास आहे. त्यामागे टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची भीती असते. भीती निराधार नाही, कारण गरोदरपणी प्रथमच होणारा हा संसर्ग गर्भाला अपाय करू शकतो. परंतु विष्ठेतून पडलेली त्याची बीजे एक ते पाच दिवसांनंतरच संसर्गक्षम होतात. ट्रे रोज आणि शक्यतो घरातील दुसऱ्या व्यक्तीने साफ केला, मांजराला कच्चे मांस दिले नाही आणि घरात राखले, तर धोका फार कमी होतो. कमी शिजलेले मांस, न धुतलेल्या भाज्या आणि बागेतील माती यांतूनही हाच परजीवी शरीरात जातो. मांजराला घालवून देणाऱ्या घरात त्यांचा विचार क्वचितच होतो.

पिल्ले आणि पोते :

मांजरी पाच-सहा महिन्यांची होताच माजावर येऊ शकते. गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असल्यामुळे एका वर्षात ती दोनतीनदा विते. त्यानंतर पिल्ले पोत्यात घालून मासळीबाजारात किंवा नदीकाठी सोडून देण्याची रीत आपल्याकडे सर्वत्र आहे. मारले नाही, म्हणून पाप लागले नाही, अशी मनाची समजूत असते. भगवतीचरण वर्मा यांच्या ‘प्रायश्चित्त’ या प्रसिद्ध हिंदी कथेत मेलेल्या मांजरापायी सोन्याच्या मांजराच्या वजनाची घासाघीस चाललेली असते आणि तेवढ्यात ते मांजर उठून पळून जाते. पोत्यातील पिल्लांना तशी संधी नसते. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा क्रूरतेचाच प्रकार आहे. पाच महिन्यांच्या सुमारास नसबंदी केल्यास हा प्रसंगच येत नाही, आणि मादीत स्तनांच्या गाठींचा धोकाही कमी होतो. एकदा तरी विऊ द्यावे, या समजुतीला वैद्यकीय आधार नाही.

घर बदलताना मांजर मागे ठेवण्याचे समर्थनही असेच केले जाते : कुत्रे माणसाचे, मांजर घराचे. नव्या घरी त्याला प्रथम एकाच खोलीत, जुन्या अंथरुणासह आणि जुन्या ट्रेसह ठेवावे. दोनतीन आठवडे बाहेर सोडू नये. तेवढ्या अवधीत बहुतेक मांजरे नव्या घरात रुळतात.